जळगावच्या भिंतीवरील मार्ग-आखणी : प्रकल्प नोंदी, एप्रिल ते जून २०२५

७ एप्रिल २०२५

औद्योगिक वसाहतीतील ज्या गोदामात चढाईच्या सरावाची ही कृत्रिम भिंत उभी आहे तिथे पूर्वी डाळ मिल होती, आणि झाडूनपुसून झाल्यावरही छताच्या कैच्यांवरून तुरीची बारीक चुरी अधूनमधून खाली पडत असते. भिंतीचा लोखंडी सांगाडा आणि त्यावरील प्लायवूड एका कंत्राटदाराने मार्चमध्ये पूर्ण केले. आजपासून तिच्यावर चढण्याचे मार्ग आखण्याचे काम माझ्याकडे आले आहे. भिंत झाली म्हणजे काम झाले, आता फक्त ‘दगड बसवायचे’ राहिले, अशी व्यवस्थापनाची समजूत असल्यामुळे ते तीन दिवसांत होईल का, अशी विचारणा झाली. मी दहा आठवडे मागितले, आठ मिळाले. १ जूनला भिंत खुली करायची आहे.

दोरीशिवाय चढण्याची, म्हणजे बोल्डरिंगची, भिंत बारा मीटर रुंद आणि सव्वाचार मीटर उंच आहे. तिचे चार भाग आहेत : पहिला मागे झुकलेला, ज्याला स्लॅब म्हणतात, दुसरा सरळ उभा, तिसरा वीस अंश आणि चौथा पस्तीस अंश अंगावर आलेला. खाली तीस सेंटीमीटर जाडीच्या मॅट आहेत आणि त्या भिंतीच्या सर्वांत पुढे आलेल्या कडेपासून अडीच मीटर पुढपर्यंत पसरल्या आहेत. याशिवाय गोदामाच्या मधल्या, उंच भागात साडेआठ मीटरची दोरीची भिंत आहे.

दिवसभर पकडींची, म्हणजे हातापायांच्या आधारासाठी भिंतीवर बसवायच्या तुकड्यांची, मोजदाद केली. जळगावात प्लास्टिकच्या चटयांना तोटा नाही. शेजारच्या कारखान्यातून सहा चटया आणल्या आणि प्रत्येक चटईवर एका प्रकारच्या पकडी मांडल्या. जग म्हणजे चारही बोटे मुळापर्यंत शिरतील अशी, घागरीच्या काठासारखी पकड. क्रिंप म्हणजे बोटांची केवळ पहिली पेरे टेकतील एवढी कड. पिंच अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरायची, पॉकेट म्हणजे एक-दोन बोटांचे भोक, आणि स्लोपर म्हणजे कडाच नसलेला गोलवा. आमच्याकडच्या माणसाला तो पालथ्या खापरासारखा म्हटला की लगेच कळतो. सहाव्या चटईवर पायासाठीच्या बारीक पकडी ठेवल्या. हाताच्या पकडी भरपूर निघाल्या आणि पायाच्या अगदीच थोड्या. ही तफावत तेव्हा मी केवळ लिहून ठेवली, तिच्याकडे लक्ष दिले नाही.

१० एप्रिल

आजचा आणि कालचा दिवस आट्यांमध्ये गेला. प्लायवूडच्या मागच्या बाजूने टी-नट ठोकलेले असतात आणि पुढून अ‍ॅलन बोल्टने पकड त्यात आवळली जाते. आमच्या बोल्डरिंग भिंतीवर साधारण वीस सेंटीमीटरच्या अंतराने असे बाराशेच्या आसपास नट आहेत. प्रत्येक नटात हाताने बोल्ट फिरवून पाहणे हे कंटाळवाणे काम आहे, पण ते टाळले तर नंतर शिडीवर उभे राहून अडकलेला बोल्ट कापण्याची वेळ येते. त्रेचाळीस नट खराब निघाले. काहींच्या आट्यांत रंग साचला होता. त्यांच्यात टॅप, म्हणजे आटे पाडण्याचे हत्यार, फिरवला आणि ते साफ झाले. सतरा नट मात्र प्लायवूडमध्ये जागच्या जागी गरगर फिरत होते. ते मागून काढून नवे ठोकावे लागले. सांगाडा आणि गोदामाची भिंत यांच्यामधल्या दीड फुटाच्या बोळात शिरून हे काम वेल्डिंगच्या मिस्त्रींनी केले, कारण आमच्यात त्यांच्याइतका सडपातळ कोणीच नाही.

एक घोटाळा वेळेवर ध्यानात आला. पुरवठादाराने पाठवलेल्या बोल्टांत दहा मिलिमीटरच्या बोल्टांबरोबर तीन अष्टमांश इंचाचे बोल्ट मिसळलेले होते. दोन्ही हातात घेतले तर सारखेच वाटतात. पहिल्याच्या आट्यांमधले अंतर दीड मिलिमीटर आणि दुसऱ्याच्या आट्यांमधले जवळपास एक पूर्णांक सहा, त्यामुळे चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे निमूट आत जातो आणि मग असा अडकतो की पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. सगळा डबा ओतून, नमुन्याच्या नटात एकेक बोल्ट फिरवून वेगळा केला. शाळेतून मदतीला आलेल्या क्रीडाशिक्षिका मॅडम म्हणाल्या, “सर, हे तांदूळ निवडण्यासारखं झालं.”

१५ एप्रिल

काठिण्य कसे दाखवायचे यावर आज चर्चा झाली. अमेरिकेत टेक्सासमधील ह्यूको टँक्स येथे जॉन शर्मन यांनी रूढ केलेली व्ही श्रेणी आणि फ्रान्समधील फाँतेनब्लोची श्रेणी या दोन्ही जगभर चालतात, पण ज्या गावात बहुतेकांनी अशी भिंत पहिल्यांदाच पाहायची आहे तिथे दारातच व्ही शून्य, व्ही एक असे आकडे लावले तर माणूस चढण्याऐवजी आकड्यांशी झुंजत बसतो. म्हणून पाच रंगांच्या चिठ्ठ्या ठरवल्या. एका मार्गाच्या सगळ्या पकडी एकाच रंगाच्या राहतील, आणि सुरुवातीच्या पकडीजवळच्या चिठ्ठीचा रंग त्याची पातळी सांगेल. चिठ्ठी मात्र आखताना लावायची नाही. किमान चार निरनिराळ्या उंचीच्या माणसांनी मार्ग चढून पाहिल्यानंतरच ती लावायची. हा नियम मॅडमनी सुचवला. मला तो तेव्हा थोडा वेळखाऊ वाटला होता.

२२ एप्रिल

पहिले सहा मार्ग भिंतीवर आले.

मी चढायला शिकलो ते लळिंगच्या किल्ल्याखालच्या कातळावर आणि नंतर सातमाळ्याच्या कड्यांवर. तिथला दगड लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा, त्यामुळे आडव्या पट्ट्यांवर उभे राहायला जागा मिळते आणि दोन पट्ट्यांमधल्या उभ्या कातळात खाच, खोबणी, कपार जे सापडेल त्यावर काम भागवावे लागते. तिथे प्रश्न निसर्गाने घातलेला असतो आणि आपण उत्तर शोधायचे असते. भिंतीवर प्रश्न घालणाराही माणूसच, आणि त्या माणसाला उत्तर आधीच ठाऊक असते, हीच यातली मोठी अडचण आहे. आपल्याला ठाऊक असलेले उत्तर हेच एकमेव उत्तर आहे असे वाटू लागते आणि मग पकडी त्या उत्तराच्या मापाने लावल्या जातात.

कामाची पद्धत अशी : एका रंगाच्या पकडी आधी मॅटवर चढण्याच्या क्रमाने मांडायच्या, त्यांच्याकडे पाहत जमिनीवरच हात-पाय हलवून हालचाल करून पाहायची, मग शिडी लावून पकडी बसवायच्या. पकड फिरू नये म्हणून मुख्य बोल्टशिवाय कडेला एक लाकडाचा स्क्रूही मारायचा. ड्रायव्हर यंत्राने बोल्ट शेवटपर्यंत आवळायचा नाही. पॉलिएस्टर रेझिनच्या जुन्या पकडी जास्त जोर लागला की तडकतात, पॉलियुरेथेनच्या हलक्या पकडी मात्र सहन करतात. शेवटचा अर्धा फेरा हाताने. आज घाईत एक रेझिनची मोठी पिंच माझ्याच हातून तडकली. ती फेकली, कारण तडकलेली पकड चिकटवून पुन्हा वापरणे म्हणजे कोणाच्या तरी डोक्यावर ती पडण्याची सोय करणे होय.

२५ एप्रिल

दुपारी तीन वाजता भिंतीजवळ टांगलेल्या तापमापकात बेचाळीस अंश दिसत होते. पत्र्याच्या छताखाली याहून वेगळे काही अपेक्षितही नव्हते. मात्र त्याचा परिणाम मार्गांवर एवढा होईल, याचा अंदाज मला नव्हता. सकाळी सात वाजता जो निळा मार्ग मी सहज चढलो होतो, तोच दुपारी चार प्रयत्नांत झाला नाही. त्या मार्गात ओळीने तीन स्लोपर आहेत.

कारण समजण्यासारखे आहे. जगमध्ये बोटांच्या पुढे कडा असते. हात घामाने ओला झाला तरी बोटे त्या कडेत अडकून राहतात. स्लोपरवर अडकण्यासारखे काहीच नसते, हात केवळ घर्षणावर टिकतो, आणि घाम आला की तेच घर्षण कमी होते. बुटाचे रबरही उन्हाळ्यात मऊ पडते आणि बारीक पायपकडीवरून सरकते. मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड, जिला सगळे चॉक म्हणतात, ती हात कोरडा करते, पण जळगावच्या एप्रिलमध्ये तो कोरडेपणा दुसऱ्या पकडीपर्यंतच पुरतो.

व्यवस्थापनाने मोठा कूलर भिंतीसमोर आणून ठेवला. त्याने हवा गार झाली, पण पाण्याने भिजलेल्या गवताच्या पडद्यातून आलेली ती हवा दमट असल्यामुळे तळहातांचा घाम वाळेनासा झाला. दोन दिवस दोन्ही रीतींनी पाहिल्यावर कूलर विश्रांतीच्या बाकांकडे वळवला आणि भिंतीकडे नुसते मोठे पंखे ठेवले. शिवाय ठरवले की काठिण्याची पारख सकाळी सहा ते साडेनऊ याच वेळेत करायची, आणि एप्रिल ते जून या काळात एका मार्गात एकापेक्षा जास्त स्लोपर ठेवायचा नाही. निळ्या मार्गातले दोन स्लोपर उतरवले. मोठे गोल स्लोपर दिवाळीनंतरच्या थंडीसाठी खोक्यात घालून ठेवले आहेत. खोक्यावर मॅडमनी ‘हिवाळी माल’ असे लिहिले.

३० एप्रिल

आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, म्हणून सुट्टी. तरीही एक नोंद करावीशी वाटते.

गावी बहिणी माहेरी आल्या आहेत आणि दारातल्या कडुनिंबाला नेहमीप्रमाणे झोका बांधला आहे. भाची झोक्यावर उभी राहून पायांनी जोर देत होती आणि प्रत्येक वेळी झोका सर्वांत वर पोहोचला की हात सोडून वरच्या फांदीचे एक पान तोडत होती. झोका वर जाताना ती प्रयत्न करत नव्हती आणि खाली येताना तर नाहीच. वर आणि खाली यांच्यामध्ये झोका क्षणभर थांबतो, नेमक्या त्या क्षणी तिचा हात वर जायचा. त्या क्षणी अंगाला वजन नसल्यासारखे होते, हे तिला कोणी शिकवलेले नाही.

भिंतीवर याच क्षणाला डेडपॉइंट म्हणतात. लांबची पकड निव्वळ दंडाच्या ताकदीने ओढत गाठण्याऐवजी कंबर खाली घेऊन, पायांनी ढकलून अंग वर सोडायचे, आणि अंग वर जायचे थांबून खाली यायला लागण्यापूर्वीच्या क्षणात पकड हाताखाली घ्यायची. यासाठी आखणाऱ्याने दोन गोष्टी द्याव्या लागतात : जिथून ढकलायचे ती पायाची पकड भक्कम हवी, आणि जी पकड घ्यायची ती अशी हवी की क्षणभरच्या स्पर्शात बोटांना तिचा आकार कळावा. माझ्या पिवळ्या मार्गात दुसरी गोष्ट आहे, पहिली नाही. मी तिथे हात लांबवून पोहोचतो, त्यामुळे ढकलण्याची गरज मला कधी पडलीच नाही, आणि म्हणून तिथे पाय कुठे ठेवायचा याचा विचारही मी केला नाही. परवा गेल्यावर हे पाहायचे आहे.

६ मे

परवाचे पाहणे राहून गेले आणि आज त्याचा हिशेब चुकता झाला.

उन्हाळी शिबिरातील अकरा मुले-मुली पूर्वचाचणीसाठी आल्या. सहावी ते नववीतली मुले, त्यांतल्या दोघी पारोळ्याकडच्या. सहा मार्गांपैकी चार मार्गांवर मुले ज्या ठिकाणी अडली ती ठिकाणे मी खडूने खुणावत गेलो, आणि थोड्या वेळाने ध्यानात आले की सगळ्या खुणा एकाच प्रकारच्या जागी पडत आहेत. मुलांची बोटे कमी पडत नव्हती, धाडस कमी पडत नव्हते, तोलही जात नव्हता. ती पकडीखाली नीट उभी राहत, वर पाहत आणि खाली उतरत. पिवळ्या मार्गाच्या चौथ्या पकडीवर पारोळ्याची आठवीतली मुलगी तीनदा उभी राहिली. तिसऱ्या वेळी ती उतरून माझ्याजवळ आली आणि तक्रारीचा कोणताही सूर न लावता म्हणाली, “दादा, मना हात तठे पोचत नही.”

मी टेप घेतला. चौथ्या आणि पाचव्या पकडीतले अंतर एकशे बारा सेंटीमीटर. माझी उंची एकशे अठ्ठ्याहत्तर आणि हात वर केल्यावरची पोच दोनशे सव्वीस. तिची उंची एकशे अडतीस आणि पोच एकशे एकाहत्तर. आम्हा दोघांत पंचावन्न सेंटीमीटरचे अंतर. ज्या मार्गाला मी मनातल्या मनात ‘सोपा, नवख्यांसाठी’ म्हणत होतो, तो माझ्या उंचीच्या नवख्यांसाठी सोपा होता. इतरांसाठी तो अवघडही नव्हता. अवघड म्हणावे तर प्रयत्नाने जमण्याची शक्यता असावी लागते, आणि इथे तर मार्ग चौथ्या पकडीवरच संपत होता.

आणखी एक हिशेब त्याच वेळी लागला. मी सहा मार्गांत मिळून हाताच्या अठ्ठावन्न पकडी लावल्या होत्या आणि पायाच्या केवळ नऊ. उंच माणूस हाताच्या सोडून दिलेल्या पकडीवर पाय ठेवत वर जातो, त्याला वेगळ्या पायपकडी लागत नाहीत. म्हणून त्या मला सुचल्याच नाहीत, आणि सहाव्या चटईवरचा माल कमी असल्याचे खटकलेही नाही.

७ मे

सकाळी चहाच्या वेळी मॅडमनी पॅरिसची आठवण काढली. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये महिलांच्या बोल्डर आणि लीडच्या, म्हणजे दोरीच्या मार्गाच्या, अंतिम फेरीत जपानच्या आइ मोरी यांना, ज्यांची उंची एकशे चौपन्न सेंटीमीटर आहे, पहिल्याच बोल्डरवर सुरुवातीची पकड उडी मारूनही गाठता आली नाही. त्या बोल्डरचा त्यांना एकही गुण मिळाला नाही. पुढे दोरीच्या मार्गावर त्यांनी सर्वांत जास्त गुण मिळवले, तरी त्यांना चौथ्या स्थानावर राहावे लागले. स्पर्धेतील मार्ग आखणारे जगातले निष्णात लोक असतात आणि उडीची ती सुरुवात चुकीची होती की नव्हती यावर दोन्ही बाजूंनी बोलले गेले. आमच्यापुरते एवढे खरे की आमच्या भिंतीवर पदके वाटायची नाहीत, त्यामुळे पकडीला हात न पुरणे याचे समर्थन करण्याची सोयही आम्हाला नाही.

९ मे

तीन दिवस दुरुस्ती. सर्वांत सोपा उपाय म्हणजे चौथ्या आणि पाचव्या पकडीच्या मध्ये एक जग लावणे. मिस्त्रींनीही तोच सुचवला. तो नाकारण्याचे कारण असे की त्याने बुटक्या माणसाची अडचण दूर होते, पण मार्गच शिडी होऊन बसतो. उंच माणसाला तर करण्यासारखे काही उरतच नाही. आम्हाला पोच काढून टाकायची होती, प्रश्न ठेवायचा होता.

शेवटी जे केले ते असे. पाचवी पकड वीस सेंटीमीटर खाली आणि थोडी उजवीकडे घेतली. ती आधी सरळ खाली ओढायची होती, ती फिरवून तिची कड डावीकडे केली, म्हणजे आता तिला धरून अंग उजवीकडे कलवावे लागते. तिसऱ्या पकडीच्या पातळीवर, डाव्या बाजूला, पायाची एक उंच पकड लावली. आता बुटका माणूस डावा पाय त्या पकडीवर ठेवतो, त्यावर पूर्ण उभा राहतो आणि त्याचा हात पाचव्या पकडीशी आपोआप येतो. उंच माणसाला तोच पाय छातीपर्यंत दुमडून घ्यावा लागतो आणि तिथे त्याची त्रेधा उडते. मी स्वतः दोनदा पडलो. पकड वीस अंश फिरवल्याने जे बदलले ते दोन नव्या पकडी लावून बदलले नसते.

लाल मार्गात गॅस्टन ठेवली आहे. फ्रान्सचे गिर्यारोहक गॅस्टन रेबुफा यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पकड अंगठा खाली, कोपर बाहेर अशी धरून बाहेरच्या बाजूला रेटायची असते, लिफ्टचे मिटू पाहणारे दार हाताने उघडावे तशी. खांद्यावर ताण येतो म्हणून मुलांच्या मार्गांत ती लावायची नाही असे ठरले. हिरव्या मार्गात खालून वर ओढायची पकड आहे. ती पाय वर गेले की सोपी आणि पाय खाली असले की अशक्य. म्हणून तिच्यासाठी तीन वेगवेगळ्या उंचींवर पाय दिले. पायाच्या पकडी आता एकतीस झाल्या. त्या संपल्या म्हणून मिस्त्रींनी उरलेल्या सागाच्या पट्ट्यांचे तुकडे कापून, कडा घासून दिले. लाकडावर बूट चांगला धरतो आणि खर्च जवळपास नाही.

संध्याकाळी शिबिरातली मुले पुन्हा आली. अकरापैकी आठ जणांनी पिवळा मार्ग पूर्ण केला. ज्या तिघांचा राहिला ते शेवटच्या पकडीवर पडले, आणि पडून लगेच पुन्हा रांगेत उभे राहिले.

१६ मे

दोरीच्या भिंतीवर चार मार्ग, सगळे वरून बांधलेल्या दोरीचे. इथे विचार वेगळा करावा लागतो. चढणारा जमिनीलगत असतो तेव्हा त्याच्या आणि वरच्या आधाराच्या मध्ये सर्वांत जास्त दोरी मोकळी असते, आणि दोरी ताणली जात असल्यामुळे तिथून पडणारा अपेक्षेपेक्षा खाली येतो. म्हणून पहिल्या अडीच मीटरमध्ये कोणतीही अवघड हालचाल ठेवली नाही. मार्ग आधाराच्या रेषेपासून फार बाजूला जाऊ दिला नाही, नाहीतर पडल्यावर माणूस लंबकासारखा शेजारच्या मार्गावर जाऊन आदळतो. मोठी व्हॉल्यूम, म्हणजे भिंतीचा आकार बदलणारे पोकळ खोके, बसवताना त्यांची टोके पडण्याच्या वाटेत येत नाहीत हे स्वतः लटकून पाहिले. कृत्रिम भिंतींसाठीच्या ईएन १२५७२ या युरोपीय मानकाचा दाखला कंत्राटदाराच्या कागदपत्रांत आहे. त्यातील बोल्डरिंग आणि पकडींसंबंधीचे भाग वेगळे मागवले आहेत.

२३ मे

काल रात्री वादळी पाऊस. वीज सकाळी अकराला आली. सावद्याकडचा सहकारी केळीची बाग आडवी झाली म्हणून गावी गेला आहे आणि आठवडाभर येणार नाही. छत दोन ठिकाणी गळते आहे, स्लॅबच्या वरच्या कोपऱ्यातले प्लायवूड भिजले. तिथल्या सात पकडी उतरवून फळी वाळत ठेवली. काम नाही.

१ जून

भिंत खुली झाली. गर्दी पुष्कळ. मी दिवसभर एकदाही चढलो नाही, बाकावर वही घेऊन बसलो.

१४ जून

दोन आठवड्यांच्या वहीतून काही.

गुलाबी मार्गाच्या मधल्या अवघड जागी आम्ही उजव्या पायाची टाच पकडीवर अडकवून वर ओढण्याची हालचाल योजली होती. ती आजवर एकानेही केलेली नाही. एका महाविद्यालयीन मुलाने कडेची पट्टी दोन्ही गुडघ्यांत धरून ती जागा पार केली आणि त्याच्या मागून सगळे तसेच करू लागले. ती पट्टी मार्गात धरायची नाही असे सांगावे, किंवा तिथे आडवी पकड लावून गुडघ्यांची वाट बंद करावी, असे मत पडले. मी नको म्हटले. त्या वाटेने पडणारा माणूस पायांवर, मोकळ्या मॅटवर पडतो, म्हणजे धोका नाही. आणि मी न पाहिलेले उत्तर कोणी पाहिले असेल तर ते पुसण्याचे काही कारण मला दिसत नाही. पांढऱ्या मार्गावर मात्र जी पळवाट निघाली तिच्यात माणूस पाठमोरा पडत होता. ती त्याच संध्याकाळी बंद केली.

पाऊस सुरू झाल्यापासून हवेतला दमटपणा वाढला आहे आणि पकडींवर चॉक व घाम यांचा थर लवकर साचतो. चौदा पकडी उतरवून साबणाच्या पाण्यात नायलॉनच्या ब्रशने घासल्या. बुटांच्या रबराचे काळे डाग पायपकडींवरून जात नाहीत. पण ते डाग नीट पाहिले तर कोणत्या पायपकडीवर खरोखर उभे राहिले जाते आणि कोणती कोरी राहते हे कळते, म्हणून धुण्यापूर्वी सगळ्या पायपकडींची छायाचित्रे घेतली. एकतीसपैकी सहा अगदी कोऱ्या होत्या. त्यांतल्या चार माझ्या छातीच्या पातळीवर आहेत, म्हणजे मी त्या मुलांच्या गुडघ्याची उंची चुकीची धरून लावल्या.

२९ जून

वीस अंशाचा भाग रिकामा केला. चार आठवड्यांनी एक भाग उतरवून नवे मार्ग लावायचे, असे चक्र ठरले आहे. उतरवताना सगळे बोल्ट हाती लागले, एकही अडकला नाही.

पारोळ्याची मुलगी सुट्टी संपून परत गेली होती. आता ती शाळेसाठी जळगावात मावशीकडे राहते आणि रविवारी येते. पकडी धुऊन चटईवर मांडण्याचे काम तिने स्वतःहून घेतले होते. आज मॅडमनी तिला एका मार्गाच्या पकडी निवडायला सांगितल्या. तिने नारिंगी रंगाच्या दहा पकडी मॅटवर लावल्या, त्यांच्यावरून तीनदा हातांनी चालली, दोन बदलल्या. मग पायपकडींची टोपली घेऊन प्रत्येक हातपकडीच्या शेजारी तिने एकेक पाय ठेवत नेला, शेवटी टोपली रिकामी झाली तेव्हा माझ्याकडे पाहून विचारले की लाकडाचे आणखी तुकडे आहेत का.

मी अ‍ॅलन की घेऊन शिडीवर चढलो आणि ती खालून सांगत गेली. सहावी पकड मी नकळत एक नट वर धरली होती. तिने ती खाली घ्यायला लावली. मार्ग बसवून झाल्यावर पहिला प्रयत्न माझा. मी चौथ्या पकडीवर अडकलो, कारण तिथला पाय तिच्या गुडघ्याच्या मापाने होता आणि माझा गुडघा भिंत आणि छाती यांच्यामध्ये मावत नव्हता. तिने हसू दाबले नाही. चिठ्ठी अजून लावलेली नाही; नियमाप्रमाणे आणखी तिघांनी चढायचे आहे. आजची मोजदाद : हाताच्या पकडी दहा, पायाच्या चौदा, त्यांपैकी सागाच्या पाच. मिस्त्रींना आणखी वीस तुकड्यांसाठी सांगितले आहे.